११ जून २०१३ : वीजबिलातून चालणारी प्रसारणसंस्था एका सहीने कशी बंद झाली

मंगळवार, ११ जून २०१३ रोजी संध्याकाळी ग्रीस सरकारचे प्रवक्ते सिमोस केडिकोग्लू यांनी जाहीर केले की देशाची सार्वजनिक प्रसारणसंस्था ‘ईआरटी’ त्याच रात्री बंद होईल. लोकांनी ही घोषणा ऐकली ती ईआरटीच्याच पडद्यावर. रात्री अकराच्या सुमारास तो पडदा काळा झाला. दूरचित्रवाणीच्या वाहिन्या, राष्ट्रीय आणि प्रादेशिक रेडिओ केंद्रे, वाद्यवृंद, गायकवृंद, कार्यक्रमांचे साप्ताहिक आणि अनेक दशकांचे अभिलेखागार असा सगळा पसारा, त्यातल्या सुमारे २,६५० कर्मचाऱ्यांसह, कायद्याच्या दृष्टीने एका दिवसात संपला. कुठल्या परचक्राने किंवा लष्करी उठावाने नव्हे, तर निवडून आलेल्या सरकारच्या दोन मंत्र्यांच्या संयुक्त आदेशाने.

सार्वजनिक प्रसारणाविषयीच्या चर्चेत एक विधान जवळजवळ सिद्धांतासारखे मांडले जाते : संस्थेला दरवर्षी सरकारी तिजोरीपुढे हात पसरावा लागला की ती मिंधी होते, तिला प्रेक्षकांकडून थेट येणारा, कायद्याने ठरवलेला पैसा मिळाला की ती स्वतंत्र राहते. ग्रीसच्या या प्रकरणाचा अभ्यास करावासा वाटतो तो याच विधानासाठी, कारण ईआरटीकडे असा पैसा होता आणि तो नियमितपणे येतही होता. तरीही ती वाचली नाही.

पैसा कुठून येत होता

ईआरटीचे मुख्य उत्पन्न होते वीजबिलासोबत वसूल होणारे शुल्क. ते महिन्याला सव्वाचार युरोंच्या आसपास, म्हणजे वर्षाला सुमारे ५१ युरो होते. घरात दूरचित्रवाणी संच आहे की नाही, असल्यास त्यावर ईआरटी पाहिली जाते की नाही, हे कोणी विचारत नसे. विजेची जोडणी आहे म्हणजे शुल्क आहे, एवढाच हिशेब. सरकारनेच त्या वेळी दिलेल्या आकड्यानुसार यातून वर्षाला सुमारे ३० कोटी युरो जमा होत. त्यात जाहिरातींच्या उत्पन्नाची थोडी भर पडे.

वसुलीच्या दृष्टीने ही पद्धत फार कार्यक्षम आहे. घरोघर संच तपासत हिंडणारे निरीक्षक लागत नाहीत, चुकवेगिरी जवळजवळ होत नाही आणि वसुलीचा खर्चही नगण्य असतो. तिचा दोष मात्र तिच्या याच सोयीत दडलेला आहे. जे शुल्क वेगळे भरावे लागत नाही, त्याच्याशी माणसाचे नातेही जुळत नाही. ब्रिटनमध्ये परवाना शुल्क भरणारा माणूस बीबीसीवर चिडतो तेव्हा ‘माझ्या पैशांवर’ असे म्हणून चिडतो. ग्रीसमध्ये तोच पैसा विजेच्या आकड्यांखालच्या एका ओळीत मिसळून जात होता, आणि त्या बिलात तर नगरपालिकेचे करही असत. २०११ मध्ये आर्थिक संकटामुळे मालमत्तेवर तातडीचा कर बसवण्यात आला, तोही वीजबिलातूनच वसूल होऊ लागला. न भरल्यास वीज तोडण्याची भीती होती. लोकांच्या मनात वीजबिल म्हणजे सरकारने खिशात घातलेला हात, असे समीकरण तयार झाले होते. ईआरटीचे शुल्क याच हाताचे एक बोट ठरले. ‘ही आमची संस्था, आम्ही तिला पोसतो’ ही भावना निर्माण व्हायला तिथे वावच नव्हता.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. शुल्काचा दर किती, ते गोळा कोणी करायचे आणि जमा झालेली रक्कम कुठे वळवायची, हे तिन्ही निर्णय सरकारच्या हातात होते. संकटाच्या काळात अक्षय ऊर्जेच्या निधीत तूट पडली, तेव्हा ईआरटीच्या शुल्कातला एक हिस्सा त्या खात्याकडे वळवला गेला. प्रसारणासाठी म्हणून घेतलेला पैसा सौर विजेची थकबाकी भागवायला गेला आणि त्यावर म्हणावी तशी ओरडही झाली नाही. ज्या निधीवर संस्थेची मालकी नाही आणि स्वायत्त विश्वस्तांचीही नाही, तो निधी नावापुरताच वेगळा असतो.

सत्ता कुणाकडे होती

ग्रीसमध्ये रेडिओची नियमित सुरुवात १९३८ मध्ये झाली, ती मेटाक्सास यांच्या हुकूमशाहीत. दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण १९६६ मध्ये सुरू झाले आणि लगेच पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता घेतली. लष्कराची स्वतःची वेगळी वाहिनीही होती. ती नागरी व्यवस्थापनाखाली यायला १९८२ उजाडले. लोकशाही परतल्यावर १९७५ मध्ये ईआरटीचा कायदा झाला, आणि त्याच वर्षीच्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात रेडिओ व दूरचित्रवाणी राज्याच्या थेट नियंत्रणाखाली राहतील असे लिहिले गेले. हुकूमशाहीतून नुकत्याच सुटलेल्या देशाने प्रसारणाच्या बाबतीत ‘स्वातंत्र्य’ ऐवजी ‘नियंत्रण’ हा शब्द निवडावा, हे विचित्र वाटते; पण त्यामागे खासगी धनिकांच्या हाती हे साधन जाऊ नये अशीही भावना होती. १९८७ च्या कायद्याने तेव्हाच्या दोन संस्था एकत्र करून कंपनीच्या स्वरूपाची ईआरटी बनवण्यात आली. तिचे सगळे भाग राज्याकडे होते आणि संचालक मंडळ सरकार नेमत असे.

परिणाम व्हायचा तोच झाला. सरकार बदलले की वरची माणसे बदलत, आणि सत्तेवर असलेला पक्ष आपल्या लोकांची सोय तिथे लावत असे. ऑक्टोबर २०१२ मध्ये ईआरटीच्या सकाळच्या कार्यक्रमात पोलिसांनी आंदोलकांना केलेल्या कथित मारहाणीसंबंधी एका मंत्र्यावर टिप्पणी झाली आणि दोन्ही निवेदकांना लगोलग कार्यक्रमातून काढण्यात आले. संस्था बंद होण्याच्या आठ महिने आधीची ही गोष्ट आहे. म्हणजे ११ जूनला जी ईआरटी बंद झाली, ती स्वातंत्र्याचा बालेकिल्ला नव्हती, हेही स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. तिच्यात खोगीरभरती होती आणि खर्चाचा मेळ नव्हता, ही टीका खोटी नव्हती. केडिकोग्लू यांनी घोषणा करताना हाच मुद्दा पुढे केला : पारदर्शकता नाही, उधळपट्टी आहे, खासगी वाहिन्यांच्या कित्येक पट खर्च आणि प्रेक्षक मात्र कमी. मात्र ती खोगीरभरती ज्यांनी केली, ते दोन्ही मोठे पक्ष, म्हणजे न्यू डेमोक्रसी आणि पासोक, त्या दिवशी सत्ताधारी आघाडीत एकत्र बसलेले होते.

शेजारी खासगी वाहिन्यांचे चित्र काय होते, हेही लक्षात घ्यावे लागते. त्या १९८९ मध्ये सुरू झाल्या आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ तात्पुरत्या म्हणवल्या जाणाऱ्या परवान्यांवर चालत राहिल्या. दूरचित्रवाणीवरील जाहिरातींवर २० टक्के कर बसवणारी तरतूद २०१० मध्ये झाली, पण प्रत्यक्ष वसुली वर्षानुवर्षे पुढे ढकलली गेली. काटकसरीची कुऱ्हाड कुणावर पडली आणि कुणावर पडली नाही, याचा हिशेब ग्रीक लोकांनी त्या आठवड्यात उघडपणे मांडला. दूरच्या बेटांवर प्रक्षेपण करणे खासगी वाहिन्यांना परवडणारे नव्हते. तिथे ईआरटी गेली म्हणजे केवळ एक वाहिनी कमी झाली, एवढ्यावर भागत नव्हते.

सही कशी झाली

बंद करण्यामागचे तात्कालिक कारण ग्रीसला कर्ज देणाऱ्यांच्या अटींमध्ये होते. युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी या तिघांशी झालेल्या करारानुसार २०१३ च्या अखेरीपर्यंत सार्वजनिक क्षेत्रातून ४,००० जणांना कमी करायचे होते. ईआरटीचा पगार वीजबिलातल्या शुल्कातून होत असला, तरी तिचे कर्मचारी सार्वजनिक क्षेत्रातच मोजले जात. म्हणून एका फटक्यात २,६५० जणांची नोंद त्या लक्ष्यात करता येत होती. आदल्याच दिवशी सरकारी वायूकंपनीच्या विक्रीचा प्रयत्न फसला होता, कारण ज्या रशियन कंपनीवर भिस्त होती तिने बोलीच लावली नाही. कर्ज देणाऱ्यांना दाखवण्यासाठी काहीतरी हवे होते. युरोपीय आयोगाने दुसऱ्याच दिवशी आपण ईआरटी बंद करण्यास सांगितले नव्हते असा खुलासा केला, आणि तो शब्दशः बरोबरही होता. त्यांनी आकडा मागितला होता, नाव नव्हे.

यातली मेख अशी की, ईआरटी बंद केल्याने तिजोरीची मोठी बचत होणार नव्हती. पगार मुख्यतः शुल्कातून होत होता. संस्था बंद झाली की शुल्क घेण्याचे कारणही संपते; उलट कर्मचाऱ्यांची नुकसानभरपाई मात्र द्यावी लागते. तेव्हा देशातली बेरोजगारी २७ टक्क्यांच्या आसपास होती. काटकसरीचा निर्णय म्हणून जे सांगितले गेले, ते प्रत्यक्षात मनुष्यबळाच्या तक्त्यातला एक आकडा गाठण्यासाठी होते, असेच मला दिसते.

संसदेत कायदा न करता संस्था बंद कशी करता आली, हा या प्रकरणाचा गाभा आहे. ग्रीक राज्यघटनेच्या ४४ व्या अनुच्छेदानुसार अत्यंत तातडीच्या व अनपेक्षित परिस्थितीत राष्ट्राध्यक्ष मंत्रिमंडळाच्या प्रस्तावावरून कायद्याच्या ताकदीचा अध्यादेश काढू शकतात. तो नंतर चाळीस दिवसांत संसदेपुढे ठेवावा लागतो. असा अध्यादेश १० जूनला निघाला. त्यात ईआरटी बंद करण्याची थेट तरतूद नव्हती, तर सार्वजनिक कंपन्यांविषयीच्या २००५ च्या कायद्यात अशी दुरुस्ती होती की संबंधित मंत्री संयुक्त निर्णयाने अशी कोणतीही कंपनी विसर्जित करू शकतील. दुसऱ्या दिवशी त्या नव्या अधिकाराचा वापर झाला. एका दिवशी चावी बनवायची आणि दुसऱ्या दिवशी कुलूप लावायचे, असा तो प्रकार होता. आघाडीतल्या दोन्ही दुय्यम भागीदारांचा, पासोक आणि डेमोक्रॅटिक लेफ्ट यांचा, विरोध असूनही तो पार पडला. ज्या संस्थेच्या विसर्जनासाठी संसदेत मत घ्यावे लागत नाही, तिच्या संचालक मंडळावर कितीही चांगली माणसे नेमली तरी फरक पडत नाही.

जर्मनीतली रचना याच ठिकाणी वेगळी ठरते. तिथे प्रसारण हा राज्यांचा विषय आहे, संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या परिषदांत समाजाच्या निरनिराळ्या घटकांचे प्रतिनिधी असतात, संस्थांना किती पैसा लागेल हे एक स्वतंत्र तज्ज्ञ आयोग ठरवतो आणि राज्यांच्या विधिमंडळांना त्याची शिफारस मनाला येईल तशी नाकारता येत नाही. २०२० च्या अखेरीस सॅक्सनी-अनहाल्ट या एका राज्याने मासिक अंशदान १७.५० वरून १८.३६ युरो करण्याच्या प्रस्तावाला अडवले, तेव्हा प्रकरण घटनात्मक न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने वाढ स्वतःच लागू केली. वाद ८६ सेंटांचा होता, पण न्यायालयाने तो प्रसारणाच्या स्वातंत्र्याचा मानला. ग्रीसमध्ये अख्खी संस्था नाहीशी होत असताना असा कोणताही मधला बांध अस्तित्वात नव्हता.

पडदा काळा झाल्यानंतर

कर्मचाऱ्यांनी इमारत सोडली नाही. अथेन्सच्या आगिया पारास्केवी भागातल्या मुख्यालयात आणि थेस्सालोनिकीच्या केंद्रात त्यांनी विनापगार प्रसारण चालू ठेवले. बाहेरच्या अंगणात रोज हजारो लोक जमू लागले. प्रक्षेपक बंद होते, म्हणून संकेत इंटरनेटवरून आणि जिनिव्हातल्या युरोपीय प्रसारण संघाच्या मदतीने उपग्रहावरून जात होता. संघाचे अध्यक्ष ज्याँ-पॉल फिलिपो स्वतः अथेन्सला आले. एखाद्या देशाच्या सरकारने मरण पावल्याचे जाहीर केलेल्या सदस्याला संघाने २१ ऑगस्टपर्यंत हवेत ठेवले, ही त्या संघाच्या इतिहासातली असाधारण गोष्ट म्हणावी लागेल.

न्यायालयाचा निर्णय १७ जूनला आला. देशातले सर्वोच्च प्रशासकीय न्यायालय, म्हणजे राज्य परिषद, यांच्या अध्यक्षांनी अंतरिम आदेशात एक सूक्ष्म भेद केला : ईआरटी ही कंपनी विसर्जित करण्याच्या निर्णयाला स्थगिती नाही, पण प्रसारण खंडित करणे आणि वारंवारिता रिकाम्या ठेवणे थांबवावे; नवी संस्था उभी राहीपर्यंत सार्वजनिक प्रसारण सुरू असले पाहिजे. संस्था आणि सेवा यांतला हा भेद सार्वजनिक प्रसारणाच्या कायद्यात पाठ करून ठेवण्यासारखा आहे. नागरिकांचा हक्क एखाद्या विशिष्ट कंपनीवर नसतो, सेवेवर असतो. मात्र व्यवहारात दोन्ही बाजूंनी या आदेशाचा अर्थ आपापल्या सोयीने लावला. कर्मचारी म्हणाले, ईआरटी पुन्हा सुरू करा. सरकार म्हणाले, बंद करण्याला न्यायालयाने हरकत घेतलेली नाही. पुढे २०१४ मध्ये याच न्यायालयाने बंदचा निर्णय वैध ठरवला.

राजकीय किंमत लगेच मोजावी लागली. २१ जूनला डेमोक्रॅटिक लेफ्ट सरकारमधून बाहेर पडला आणि पंतप्रधान अंतोनिस सामारास यांच्याकडे ३०० पैकी १५३ जागा उरल्या. १० जुलैला ‘सार्वजनिक दूरचित्रवाणी’ या नावाने एक तात्पुरती वाहिनी सुरू झाली, तीही जुने चित्रपट दाखवत. ७ नोव्हेंबरच्या पहाटे पोलिसांनी मुख्यालय रिकामे केले. त्यावरून विरोधकांनी अविश्वास ठराव आणला, तो फेटाळला गेला. १२४ मते ठरावाच्या बाजूने पडली.

नव्या कायद्याचे आयुष्य

४ मे २०१४ रोजी ‘नेरिट’ ही नवी संस्था हवेत आली. तिचा कायदा कागदावर जुन्यापेक्षा निःसंशय चांगला होता. सरकार आणि व्यवस्थापन यांच्या मध्ये पर्यवेक्षक परिषद होती, कर्मचारी कमी होते आणि शुल्क महिन्याला ३ युरोंवर आणले होते. युरोपातल्या चांगल्या नमुन्यांवरून ही रचना घेतली, असे सांगितले जाई, आणि त्यात तथ्यही होते.

चार महिन्यांत तिची कसोटी लागली. ऑगस्ट २०१४ मध्ये पर्यवेक्षक परिषदेच्या नियुक्तीची पद्धत सरकारने दुरुस्तीने बदलली, तेव्हा युरोपीय प्रसारण संघाने चिंता व्यक्त केली. सप्टेंबरमध्ये थेस्सालोनिकीच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्यात विरोधी पक्षनेते आलेक्सिस त्सिप्रास यांचे कार्यक्रम थेट दाखवण्यावरून सरकारकडून दबाव आल्याचे सांगत नेरिटचे अध्यक्ष आणि त्यांचे सहकारी यांनी राजीनामे दिले. प्रसारणाच्या कायद्याची कसोटी बहुधा अशाच एखाद्या दिवशी लागते : विरोधी नेत्याचे भाषण आहे, कॅमेरा तयार आहे, आणि वरून फोन येतो. नेरिटच्या कायद्यातली परिषद त्या फोनच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये उभी राहायला हवी होती. साध्या बहुमताने ती दुरुस्त होऊ शकत होती, म्हणून ती उभी राहू शकली नाही.

जानेवारी २०१५ मध्ये त्सिप्रास यांचा सिरिझा पक्ष सत्तेवर आला. ईआरटी पुन्हा उघडणे हे त्याचे निवडणुकीतले वचन होते. एप्रिलअखेर कायदा झाला आणि ११ जून २०१५ रोजी, बरोबर दोन वर्षांनी, ईआरटीचे प्रसारण परतले. काढलेल्यांपैकी बरेच कर्मचारी पुन्हा रुजू झाले, नेरिटचेही राहिले. तांत्रिकदृष्ट्या मेलेली ईआरटी जिवंत झालीच नाही. कायद्याने नेरिटचे नाव बदलून ईआरटी केले. शुल्क ३ युरोच राहिले आणि ते येत राहिले वीजबिलातूनच. म्हणजे २०१३ च्या तुलनेत संस्थेचे उत्पन्न घटले, आणि ज्या वसुलीपद्धतीमुळे लोक तिच्यापासून तुटलेले होते, ती जशीच्या तशी राहिली. मंडळात कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींना जागा मिळाली, हा बदल चांगला. पण अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्या निवडीत सरकारचा शब्द निर्णायकच राहिला. संस्था बंद करणाऱ्यांवर ज्यांनी दोन वर्षे टीका केली, त्यांना सत्ता आल्यावर ती चावी मोडून टाकण्याची संधी होती. त्यांनी ती आपल्या खिशात ठेवली.

जुलै २०१९ मध्ये न्यू डेमोक्रसी पुन्हा सत्तेत आली. नव्या पंतप्रधानांच्या पहिल्या दिवसांतल्या खातेवाटपाच्या अध्यादेशाने ईआरटी आणि राष्ट्रीय वृत्तसंस्था या दोहोंची देखरेख थेट पंतप्रधान कार्यालयाकडे देण्यात आली.